पगार वाढला: चाइल्ड बेनिफिट किती परत करायचं आणि कसं? यूकेतल्या मराठी आईवडिलांसाठी

पगारवाढीच्या पत्रात साठ हजार पौंडांच्या पुढचा आकडा दिसला की यूकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सल्ला फिरतो: चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी सरकारकडून मिळणारा भत्ता) बंद करून टाका, नाहीतर एचएमआरसीचं, म्हणजे टॅक्स खात्याचं, पत्र येईल. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि चुकलेला अर्धा भाग चांगलाच महागात पडतो. घाईघाईने क्लेमच रद्द करणारे हक्काचे पैसे सोडतात, घरी मुलं सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या पेन्शनची वर्षंही घालवतात. उलट काहीच न करणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी थकबाकी, व्याज आणि दंड असं एकत्रच बिल येतं. पत्र हातात पडल्यावर पहिलं काम पैसे थांबवण्याचं नाही, आकडा काढण्याचं आहे. तो आकडा ५ एप्रिलपर्यंत बराचसा आपल्या हातात असतो.

आधी एक इशारा. चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भाषेत ‘पब्लिक फंड’ आहे. स्किल्ड वर्कर किंवा तशाच व्हिसावर असाल आणि त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत न घेण्याची, अट असेल, तर तुम्ही हा क्लेम करायचाच नाही. केलात तर पुढे आयएलआरच्या (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) अर्जात तो आडवा येऊ शकतो. जोडीदारांपैकी एकजण ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआरधारक असेल तर चित्र वेगळं असतं, पण तेव्हाही क्लेम कोणाच्या नावाने करायचा हे इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारून ठरवा. पुढचं सगळं ज्यांना बेनिफिट घेण्याचा हक्क आहे त्यांच्यासाठी.

नियम थोडक्यात

चाइल्ड बेनिफिट सगळ्यांना मिळतं, उत्पन्न कितीही असो. जानेवारी २०१३ पासून मात्र जास्त कमावणाऱ्यांकडून ते टॅक्सच्या वाटेने परत घेतलं जातं. त्याचं नाव ‘हाय इन्कम चाइल्ड बेनिफिट चार्ज’. सुरुवातीला मर्यादा ५०,००० पौंड होती आणि ६०,००० ला सगळं बेनिफिट परत जायचं. एप्रिल २०२४ पासून चार्ज ६०,००० च्या वर सुरू होतो आणि ८०,००० ला शंभर टक्के होतो. मधल्या पट्ट्यात दर पूर्ण २०० पौंडांमागे बेनिफिटचा एक टक्का परत करायचा. जुने लेख आणि जुने व्हिडिओ अजून पन्नास हजारांचंच तुणतुणं वाजवतात, तिकडे लक्ष देऊ नका.

चार्ज घराच्या एकत्र उत्पन्नावर नसतो. दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या एकट्याच्या आकड्यावर तो बसतो, आणि भरायचाही त्यानेच. बेनिफिट कोणाच्या खात्यात येतं याला इथे महत्त्व नाही. त्यामुळे ५९,५०० आणि ५९,५०० कमावणारं जोडपं, म्हणजे घरात १,१९,००० पौंड येणारं, एक पेनीही परत करत नाही. आणि एकट्याच्या ८०,००० वर चालणाऱ्या घरातून सगळं बेनिफिट जातं. आपल्याकडे यूकेला येताना बायकोची नोकरी सुटलेली आणि नंतर शाळेच्या वेळा सांभाळत अर्धवेळ काम धरलेलं, अशी घरं पुष्कळ. हा नियम नेमका त्यांच्यावर पडतो. २०२४ च्या मार्चमध्ये तेव्हाचे चान्सेलर (अर्थमंत्री) जेरेमी हंट यांनी पुढे घराच्या एकत्र उत्पन्नावर जाण्याचा बेत जाहीर केला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या बजेटमध्ये त्यांच्यानंतरच्या चान्सेलर रेचल रीव्हज यांनी तो बासनात गुंडाळला. तेव्हा आहे त्या नियमातच वाट काढायची.

जोडीदार म्हणजे लग्नाचाच हवा असं नाही. एकत्र राहणारा जोडीदारही यात येतो, आणि मूल त्याचं स्वतःचं नसलं तरी जास्त कमावणारा तोच असेल तर चार्ज त्याच्यावर बसतो.

पायरी पहिली: वर्षाचं उत्पन्न काढा, पगाराचा दर नव्हे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून एक काल्पनिक जोडपं घेऊ. राहतात रेडिंगला, दोन मुलं. बायको आयटीत, पगार ५८,०००. नवरा एका शाळेत अर्धवेळ, बेनिफिट त्याच्या खात्यात येतं. जानेवारी २०२५ पासून बायकोचा पगार ६६,००० झाला. पत्रावर ६६,००० दिसतात म्हणून त्या वर्षी ६६,००० धरायचे नाहीत. टॅक्स वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. नऊ महिने जुन्या दराने, तीन महिने नव्या दराने, बेरीज बरोबर ६०,०००. चार्ज ६०,००० च्या वरच लागतो, म्हणजे शून्य.

पण तिच्या बचत खात्यावर ४०० पौंड व्याज आलं आहे. हायर रेट (४० टक्के) करदात्याला ५०० पौंडांपर्यंतच्या व्याजावर टॅक्स नाही, म्हणून बहुतेक जण ते विसरतात. टॅक्स नसला तरी ते व्याज या हिशेबात धरावंच लागतं. उत्पन्न झालं ६०,४००. दोनशेचे दोन पूर्ण टप्पे, म्हणजे २ टक्के. २०२४-२५ मध्ये दोन मुलांचं बेनिफिट वर्षाला २,२१२.६० पौंड होतं, त्याचे २ टक्के ४४ पौंड. रक्कम क्षुल्लक आहे, पण कळवण्याची जबाबदारी तेवढीच. उत्पन्न ६०,१९९ असतं तर एकही टप्पा पूर्ण झाला नसता आणि चार्ज शून्यच राहिला असता.

हिशेबात जो आकडा लागतो त्याला ‘ॲडजस्टेड नेट इन्कम’ म्हणतात. त्यात काय धरायचं? पगार, बोनस, कंपनीचे शेअर व्हेस्ट झाले तर त्यांची त्या दिवशीची किंमत, कंपनीने दिलेला खासगी आरोग्य विमा किंवा गाडी यांची पी११डी वरची (पगाराबाहेरच्या सुविधांच्या वार्षिक फॉर्मवरची) करपात्र रक्कम, व्याज, डिव्हिडंड, घरभाड्याचा नफा. काय धरायचं नाही? आयसा या करमुक्त बचत खात्यातलं व्याज आणि डिव्हिडंड, प्रीमियम बाँडची बक्षिसं, साधा भांडवली नफा.

आता भारतातल्या पैशाचं. यूकेचे रहिवासी म्हणून तुमचं जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर वेगळी सवलत मागता येते, पण आयएलआर मिळेपर्यंत बहुतेकांची ती वर्षं उलटून गेलेली असतात. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून ते इथेही करमुक्त, अशी समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. ती चुकीची आहे. एनआरओ ठेवीचं व्याज, पुण्याच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, सगळं या आकड्यात येतं. भाड्यातून भारतात सरसकट ३० टक्के वजावट मिळते, यूकेत ती चालत नाही, इथल्या नियमांप्रमाणे झालेला खराखुरा खर्चच वजा होतो. भारतात कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट इथल्या टॅक्समध्ये मिळू शकतं, पण उत्पन्नाचा आकडा त्याने कमी होत नाही.

सगळ्यात अनपेक्षित फटका भारतीय म्युच्युअल फंडांचा. यूकेच्या नियमात ज्या परदेशी फंडांना ‘रिपोर्टिंग फंड’ हा दर्जा नाही, त्यांची युनिट विकून झालेला नफा भांडवली नफा न मानता उत्पन्न मानला जातो. भारतातले बहुतेक फंड याच गटात मोडतात. म्हणजे घराच्या डिपॉझिटसाठी जुनी एसआयपी मोडली, तर त्या वर्षी ॲडजस्टेड नेट इन्कम एकदम काही हजारांनी वर जाऊ शकतं. पगारवाढीच्याच वर्षी ती मोडायची का, याचा विचार आधी करा.

पायरी दुसरी: वजावटी, आणि दोनदा वजा न करण्याची काळजी

एकूण उत्पन्नातून मुख्यतः दोन गोष्टी वजा होतात: पेन्शनमध्ये भरलेले पैसे आणि गिफ्ट एड या दानावरच्या टॅक्स सवलतीच्या योजनेखाली दिलेलं दान. नोकरीसाठी लागणारा मान्य खर्चही कमी होतो, उदाहरणार्थ डॉक्टरांची जीएमसीची फी किंवा नर्सेसची एनएमसीची फी, खिशातून भरली असेल तर.

पेन्शन वजा करण्याआधी पगाराची स्लिप समोर घ्या. ‘ग्रॉस पे’ आणि ‘टॅक्सेबल पे’ असे दोन आकडे शोधा. टॅक्सेबल पे ग्रॉसपेक्षा पेन्शनच्या हप्त्याएवढा कमी दिसत असेल, तर हप्ता टॅक्सआधीच कापला जातोय. एनएचएस पेन्शन अशीच आहे. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये तर पेन्शनच्या बदल्यात मुळात पगारच कमी दाखवलेला असतो. या दोन्ही प्रकारांत वर्षअखेरीस मिळणाऱ्या पी६० वरचा आकडा पेन्शन वजा जाऊनच आलेला असतो, त्यातून पुन्हा काहीही वजा करायचं नाही.

दोन्ही आकडे सारखेच असतील आणि पेन्शन निव्वळ पगारातून जात असेल, तर ती ‘रिलीफ ॲट सोर्स’ पद्धत. नेस्टची योजना अशी चालते, तुम्ही स्वतः उघडलेली सिपही (खासगी पेन्शन खातं) अशीच. यात तुम्ही ८० पौंड भरता, पेन्शन कंपनी सरकारकडून २० मिळवून १०० करते. वजा करायचे ते १००, तुम्ही भरलेले ८० नव्हेत. गिफ्ट एडचंही तसंच: ८० दिले तर १०० वजा. मात्र संस्था यूकेच्या गिफ्ट एडमध्ये नोंदलेली हवी. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पाठवलेले पैसे पुण्य देतील, वजावट देणार नाहीत. इथल्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणाचं तिकीट हेसुद्धा दान नव्हे. ते तिकीटच.

पायरी तिसरी: चार्ज काढा

२०२५-२६ चे दर असे: पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ पौंड, पुढच्या प्रत्येकाला १७.२५. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर एका मुलाचे १,३५४.६०, दोघांचे २,२५१.६०, तिघांचे ३,१४८.६० पौंड होतात. दर बहुधा दर एप्रिलमध्ये बदलतात. तुम्ही प्रत्यक्षात किती घेतलं हे एचएमआरसीच्या ॲपमध्ये दिसतं, मात्र ज्याच्या नावाने क्लेम आहे त्याच्या लॉगिनमध्ये. चार्ज भरणारा वेगळा असेल तर त्याला जोडीदाराकडून तो आकडा मागून घ्यावा लागतो.

आपल्या रेडिंगच्या बाईंचं २०२५-२६ पाहू. पगार ६६,०००, बोनस २,०००, व्याज ४००. एकूण ६८,४००. साठ हजारांच्या वर ८,४००, भागिले २००, म्हणजे ४२ टक्के. २,२५१.६० चे ४२ टक्के ९४५.६७, पेन्स सोडून द्यायचे, चार्ज ९४५ पौंड. घराकडे १,३०६ पौंड राहिलेच. ‘बंद करून टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकलं असतं तर तेही गेले असते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघा. दोन मुलं असतील तर साठ ते ऐंशी हजारांच्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे चार्ज सुमारे ११ पौंड नेतो. वर ४० टक्के टॅक्स आणि २ टक्के नॅशनल इन्शुरन्स. हातात ४७ च पौंड येतात. तीन मुलं असतील तर साधारण ४२. स्कॉटलंडमध्ये या पट्ट्याच्या बऱ्याच भागात टॅक्सच ४२ टक्के, म्हणजे आणखी कमी. स्टुडंट लोन फेडत असाल तर आणखी ९ पौंड वजा करा. म्हणूनच या पट्ट्यात पेन्शन जेवढी फायद्याची ठरते तेवढी फार कमी ठिकाणी ठरते.

पायरी चौथी: ५ एप्रिलच्या आधी आकडा खाली आणायचा का?

बाईंनी ५ एप्रिलच्या आत सिपमध्ये ६,७२० पौंड भरले असं समजा. पेन्शनमध्ये जमा होतात ८,४००. ॲडजस्टेड नेट इन्कम बरोबर ६०,००० वर येतं. चार्जचे ९४५ वाचले. शिवाय हायर रेटची वरची २० टक्के सवलत, १,६८० पौंड, एचएमआरसीकडून वेगळी मागता येते. (ती आपोआप मिळत नाही. रिटर्नमध्ये किंवा ऑनलाइन मागावी लागते, आणि कितीतरी जण वर्षानुवर्षं मागतच नाहीत.) थोडक्यात ८,४०० ची पेन्शन ४,०९५ पौंडांत पडली.

तेच ८,४०० कंपनीच्या सॅलरी सॅक्रिफाइसमधून टाकले तर २ टक्के नॅशनल इन्शुरन्सही वाचतो आणि खर्च ३,९२७ वर येतो. फरक फार नाही, पण कटकट कमी. बोनस सॅक्रिफाइस करायचा असेल तर तो हातात पडण्याआधी पगार विभागाला कळवावं लागतं, नंतर ते काही करू शकत नाहीत. एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या वरच्या पेन्शन सॅक्रिफाइसवर नॅशनल इन्शुरन्सची सूट जाणार आहे. इन्कम टॅक्सची सवलत तेव्हाही राहील, चार्जचा हिशेबही असाच चालेल.

मी सरसकट सगळ्यांना ‘पेन्शनमध्ये भरा’ म्हणणार नाही. ते पैसे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत अडकतात, आणि ६ एप्रिल २०२८ पासून सत्तावन्नाव्यापर्यंत. पुढच्या वर्षी घराचं डिपॉझिट द्यायचं असेल, किंवा भारतात आईवडिलांच्या उपचारांसाठी हाताशी रक्कम हवी असेल, तर ९४५ पौंड निमूटपणे भरणं हाच शहाणपणा. मॉर्गेज घेताना काही बँका सॅक्रिफाइसनंतरचा कमी पगार धरतात, तेही आधी विचारून घ्या. सॅक्रिफाइसवर घेतलेली इलेक्ट्रिक गाडीही आकडा खाली आणते, फक्त तिची करपात्र किंमत उत्पन्नात धरायला विसरू नका. २०२५-२६ साठी ती लिस्ट प्राइसच्या ३ टक्के.

आणि ५ एप्रिल हातचा गेलाच असेल तर? पेन्शन मागच्या तारखेने भरता येत नाही. गिफ्ट एडला मात्र एक फट आहे. वर्ष संपल्यावर, पण त्या वर्षाचं रिटर्न वेळेत भरण्याआधी दिलेलं दान मागच्या वर्षात धरता येतं. साठ हजारांच्या जेमतेम वर अडकलेल्यांना तेवढंही पुरतं.

पायरी पाचवी: पैसे घ्यायचे की थांबवायचे?

उत्पन्न ऐंशी हजारांच्या बरंच वर जाणार हे नक्की असेल तर पैसे थांबवा. घेतलेलं सगळं परतच द्यायचं आहे, वर कागदपत्रं. साठ आणि ऐंशीच्या मध्ये असाल तर घेत राहा आणि चार्जएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकत जा. भरायची वेळ येईपर्यंत व्याज तुमचंच.

थांबवायचे ते फक्त पैसे. क्लेम चालू ठेवायचा. ही ओळ या लेखातली सगळ्यात किमती आहे, म्हणून जरा विस्ताराने. क्लेम चालू असला की मूल बारा वर्षांचं होईपर्यंत क्लेम करणाऱ्याला नॅशनल इन्शुरन्सची क्रेडिट मिळतात, जरी पैसे एकही पेनी घेतले नाहीत तरी. स्टेट पेन्शन पूर्ण मिळायला बहुतेकांना ३५ वर्षं भरावी लागतात. तिशीनंतर या देशात आलेल्या आणि मुलांसाठी घरी थांबलेल्या आईला ती वर्षं जमवणं मुळात अवघड, त्यात ही क्रेडिट गेली तर आणखीच. म्हणून क्लेम शक्यतो त्याच्या नावाने करा जो कमावत नाही किंवा फार कमी कमावतो. आपल्याकडे ‘बँकेचं सगळं हेच बघतात’ म्हणून फॉर्म नवऱ्याच्या नावाने भरलेला असतो. त्याची वर्षं पगारातून भरतच असतात, क्रेडिट वाया जातात. असं झालं असेल तर क्रेडिट जोडीदाराच्या नावावर करून घेण्यासाठी वेगळा अर्ज आहे, तो करा. क्लेम चालू असण्याचा आणखी एक लहानसा फायदा: सोळाव्या वाढदिवसाच्या सुमारास मुलाचा नॅशनल इन्शुरन्स नंबर आपोआप घरी येतो.

बाळ नुकतंच झालं असेल आणि पगार आधीच मोठा असेल, तरी फॉर्म भराच आणि ‘पैसे नकोत’ हा पर्याय निवडा. नवा क्लेम फक्त तीन महिने मागे नेता येतो, त्यामुळे ‘नंतर बघू’ चालत नाही.

पैसे थांबवण्याची विनंती क्लेम करणाऱ्याने करायची, चार्ज भरणाऱ्याने नव्हे. ऑनलाइन होते, फोनवरही होते. वर्षाच्या मध्येच थांबवले तर चार्ज फक्त घेतलेल्या आठवड्यांवर लागतो, पण टक्केवारी मात्र पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावरून निघते.

पायरी सहावी: कळवणं आणि भरणं

भरण्याच्या दोन वाटा आहेत.

नवी वाट २०२५ मध्ये उघडली. पगारातूनच टॅक्स जात असेल आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने रिटर्न भरावं लागत नसेल, तर दुसरीकडे कुठेही न जाता थेट gov.uk या सरकारी साइटवर एचएमआरसीत लॉगिन करून चार्ज टॅक्स कोडमधून (पगारातून किती टॅक्स कापायचा हे ठरवणाऱ्या कोडमधून) कापून घ्यायला सांगता येतं. मग तुमचा कोड बदलतो. नेहमीच्या १२५७एल ऐवजी, ९४५ पौंडांचा चार्ज असेल तर १०२०एलच्या आसपास काहीतरी दिसेल. ४० टक्के दराने ९४५ वसूल करायला सुमारे २,३६० पौंडांची करमुक्त रक्कम कमी करावी लागते, कोडमधला फरक तो. महिन्याला साधारण ७९ पौंड कमी हातात येतील. कोड बदलल्याचं पत्र आलं की त्यात चार्जची रक्कम बरोबर आहे का हे एकदा ताडून बघा, पगार विभागाला विचारून उपयोग नाही, त्यांना फक्त कोड कळतो.

ज्यांच्याकडे भारतातलं भाडं, मोठं व्याज किंवा फंडांचा नफा आहे, त्यांना सहसा दुसरी वाटच घ्यावी लागते: सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः टॅक्स रिटर्न भरणं. टॅक्स वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची. दहा आकडी यूटीआर नंबर (करदात्याचा क्रमांक) टपालाने येतो, त्याला काही आठवडे लागू शकतात, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीला जाग येऊन उपयोग नाही. रिटर्नमध्ये या चार्जचा एक छोटासा भाग असतो आणि त्यात तीनच रकाने: वर्षभरात मिळालेली बेनिफिटची रक्कम, मुलांची संख्या, आणि पैसे वर्षाच्या मध्ये थांबवले असतील तर ती तारीख. पहिल्या रकान्यात बेनिफिटची पूर्ण रक्कम लिहायची, चार्जची नव्हे. टक्केवारी एचएमआरसीचा संगणकच काढतो. चुकून चार्ज लिहिला तर त्याचेच पुन्हा ४२ टक्के निघतील आणि मग दुरुस्तीचा फेरा.

ऑनलाइन रिटर्न आणि पैसे, दोन्हीची मुदत ३१ जानेवारी. रिटर्न ३० डिसेंबरच्या आत भरलं आणि देणं ३,००० पौंडांपेक्षा कमी असलं, तर ते पुढच्या वर्षीच्या टॅक्स कोडमधून कापून घेण्याची मागणी करता येते. बँकेतून भरत असाल तर संदर्भ म्हणून यूटीआर आणि त्याच्या शेवटी इंग्रजी ‘के’ हे अक्षर. रिटर्नला एक दिवसाचा उशीर झाला तरी १०० पौंड दंड, चार्ज ४४ पौंडच का असेना.

मागची वर्षं राहून गेली असतील तर

हे अनेकांचं होतं. पगार दरवर्षी थोडा थोडा वाढतो, एका वर्षी बोनसने मर्यादा ओलांडली जाते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एचएमआरसीला पगार कळतो आणि बेनिफिट कोणाला जातं हेही कळतं. पत्र यायला वेळ लागतो, पण येतं. कळवलंच नसेल तर त्यांना वीस वर्षांपर्यंत मागे जाता येतं. हेतू वाईट नसला तरी दंड थकबाकीच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पत्र येण्याआधी स्वतःहून सांगितलं आणि मुदत उलटून बारा महिने झालेले नसले, तर तो शून्यावरही येऊ शकतो. म्हणून आधी सांगावं.

५ ऑक्टोबर चुकला म्हणून घाबरून सगळंच सोडून देणारेही असतात. हा दंड ३१ जानेवारीला थकलेल्या रकमेवर मोजला जातो. तेव्हा डिसेंबरमध्ये लक्षात आलं तरी नोंदणी करा, यूटीआर आला की ३१ जानेवारीच्या आत पूर्ण रक्कम भरून टाका. थकबाकीच नसेल तर दंड कशाचे टक्के लावणार?

मागच्या वर्षांचा हिशेब करताना त्या त्या वर्षाचा नियम लावा: २०२३-२४ पर्यंत मर्यादा ५०,००० आणि दर १०० पौंडांमागे एक टक्का. त्या वर्षांच्या पेन्शन आणि गिफ्ट एडच्या वजावटीही शोधून काढा. कधीकधी पत्रात आलेला आकडा त्यामुळेच अर्ध्यावर येतो.

दरवर्षी काय बघायचं

जूनच्या सुरुवातीला पी६० हातात असतो (कंपनीने तो ३१ मे पर्यंत द्यायचा असतो), जुलैपर्यंत पी११डी. तेव्हाच मागच्या वर्षाचा आकडा काढून ठेवा. दुसरी वेळ फेब्रुवारीची: बोनस कळलेला असतो आणि ५ एप्रिलला अजून दम असतो. त्या महिन्यात स्लिपवरचा वर्षाचा एकूण टॅक्सेबल पे बघितला की पेन्शनमध्ये किती टाकायचं ते कळतं.

नोकरी गेली, मॅटर्निटी रजा आली, कामाचे दिवस कमी केले, तर थांबवलेले पैसे पुन्हा सुरू करता येतात, तेही ऑनलाइन. आणि मूल सोळा वर्षांचं झालं की त्यानंतरच्या ३१ ऑगस्टला बेनिफिट थांबतं. ए-लेव्हल किंवा तसंच मान्य शिक्षण चालू असेल तर पुढे विसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतं, पण ते एचएमआरसीला कळवावं लागतं. त्या वर्षी चार्ज काढताना ५२ आठवडे न धरता खात्यात प्रत्यक्ष आलेली रक्कमच धरा.